माग, ठसा आणि हजेरी : पुणे परिसरातील पोलीस व्यवहारातील पुराव्याचा इतिहास
(मांजरी व हवेली तालुक्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

पोलिसांच्या कामात संशोधनाचा व पुराव्याचा उपयोग व्हावा, हा विचार अलीकडचा आणि परदेशातून आलेला मानण्याचा प्रघात आहे. अमेरिकेतील कॅन्सस शहरात १९७२-७३ मध्ये पंधरा गस्तक्षेत्रांचे तीन गट करून गस्त कोठे वाढवण्यात आली, कोठे थांबवण्यात आली, तर कोठे पूर्ववत ठेवण्यात आली. गुन्ह्यांच्या प्रमाणात वा नागरिकांच्या भयात त्यामुळे लक्षणीय फरक पडला नाही, असे आढळले. पुढे १९९८ मध्ये लॉरेन्स शर्मन यांनी ‘पुराव्यावर आधारित पोलीसकार्य’ ही संकल्पना मांडली. या विषयावरील मराठी लेखनाचा आरंभही बहुधा येथूनच केला जातो. परंतु पोलिसांनी काय जाणावे, कसे जाणावे आणि ते जाणलेले खरे की खोटे हे कोणी ठरवावे, हे प्रश्न पुणे परिसरात दोनशे वर्षांहून अधिक काळ विचारले गेले आहेत. त्यांची उत्तरेही वेळोवेळी दिली गेली. त्यांतील काही न्यायाची होती, काही घोर अन्यायाची.

मांजरी हे या इतिहासाचे सोयीचे निरीक्षणस्थान आहे. पुण्याच्या पूर्वेस, सोलापूरकडे जाणाऱ्या वाटेवर, मुळा-मुठेच्या काठी ही वस्ती आहे. नदीच्या दक्षिणेस मांजरी बुद्रुक आणि उत्तरेस मांजरी खुर्द. गावाची शीव, नदी, लोहमार्ग, हमरस्ता आणि आता महानगरपालिकेची हद्द, अशा एकावर एक चढलेल्या सीमा येथे आढळतात. गुन्ह्याचा तपास सीमेपाशी येऊन अडतो, हा पोलीस व्यवहारातील जुना अनुभव असल्यामुळे अशा गावाच्या संदर्भात हा विचार करणे उचित ठरते.

गावशीव आणि माग

पेशवाईच्या अस्तानंतर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जिंकलेल्या प्रदेशाविषयी जो अहवाल सादर केला, त्यात दख्खनच्या गावांतील पोलीस व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. गावाच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाची. त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष पहारा करणारा तो जागल्या. कोठे रामोशी, कोठे महार, मांग, तर डोंगराळ मुलखात भिल्ल हे काम करीत. रात्रीची गस्त घालणे, गावात कोण आले, कोण गेले यावर नजर ठेवणे, परक्या माणसाची वर्दी पाटलास देणे ही त्याची नित्याची कामे होती.

चोरी झाल्यास मात्र त्याची खरी कसोटी लागे. चोराच्या पाऊलखुणांवरून माग काढणे हे त्याचे कर्तव्य असे. माग गावाच्या शिवेबाहेर गेला आणि शेजारच्या गावाच्या जागल्याची तशी खात्री पटली, म्हणजे पहिल्या गावाची जबाबदारी संपे आणि दुसऱ्याची सुरू होई. अशा रीतीने माग एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे सोपवला जाई. ज्या गावापर्यंत तो निःसंशय पोहोचला, तेथून पुढे न्यावयास ते गाव असमर्थ ठरले, तर चोरीस गेलेल्या मालाची भरपाई त्या गावावर येई. प्रथम जागल्याच्या ऐपतीप्रमाणे आणि उरलेली सर्व गावावर, अशी ती वसूल होई.

या पद्धतीचे मर्म पाऊलखुणा ओळखण्याच्या कौशल्यात जितके आहे, त्याहून अधिक ते शिवेवरच्या त्या खात्रीत आहे. माग काढणाऱ्याचा शब्द त्याच्या स्वतःच्या गावात पुरेसा नव्हता. ज्याच्यावर भार पडणार, त्या शेजारच्या जागल्याला तो मान्य व्हावा लागे. त्या जागल्याचा स्वार्थ मान्य न करण्यात होता. म्हणजेच पुराव्याची परीक्षा घेणारा मनुष्य हा हितसंबंधाने विरोधी असे, आणि तरीही त्याने धुळीत उमटलेली खूण पाहून होकार द्यावा अशी अपेक्षा असे. आजच्या परिभाषेत ज्याला स्वतंत्र पडताळणी म्हणतात, ती याहून फार निराळी नव्हे.

तथापि या व्यवस्थेचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. भरपाईची अट गावास परवडणारी नसे आणि ती न्याय्यही नव्हती, हे एल्फिन्स्टननेही नोंदवले आहे. पुरी भरपाई विशेष प्रसंगीच घेतली जाई. भरपाईचा पहिला बोजा गावातील सर्वांत दुर्बळ सेवकावर पडे, हेही विसरता येत नाही. शिवाय खडकाळ माळ, पाऊस आणि वाहते पाणी यांच्यापुढे मागाचे काही चालत नसे. दोन्ही मांजरींच्या मधून वाहणारी मुळा-मुठा ही अशा तपासाची स्वाभाविक मर्यादाच म्हणावी लागेल.

गावात ही रीत असताना पुणे शहरात कोतवालीचा कारभार होता. १७९१ मध्ये घाशीराम कोतवालाने केवळ संशयावरून दक्षिणेकडून आलेल्या ब्राह्मणांना एका कोंदट जागेत डांबले आणि त्यांतील वीसहून अधिक जण गुदमरून मेले. संतप्त लोकांच्या मागणीपुढे पेशव्यांच्या सरकारास नमते घ्यावे लागले आणि घाशीरामास दगडांनी ठेचून मारण्यात आले. या घटनेकडे बहुधा एका क्रूर अधिकाऱ्याची कथा म्हणून पाहिले जाते. पोलीस इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे हे की, कोतवालाच्या संशयाची परीक्षा घेणारा शेजारचा जागल्या शहरात नव्हता.

कर्जखतांची साक्ष

कंपनी सरकारने १८२७ च्या कायदेसंहितेत पोलीसविषयक नियम घातले आणि पाटलाचे अधिकार त्यात बसवले. १८६७ मध्ये मुंबई इलाख्यासाठी ग्रामपोलीस कायदा झाला. गावकीचा बंदोबस्त कागदावर राहिला, परंतु त्याखालची जमीन सरकत होती. १८५८ मध्ये पुण्यापासून दिक्सालपर्यंत लोहमार्ग सुरू झाला. आता चोर रात्रीतून दोन तालुके ओलांडू शकत होता आणि रुळांवर पाऊल उमटत नाही.

या काळातील पुणे जिल्ह्यातील सर्वांत मोठा पोलीस प्रश्न मात्र चोरीचा नव्हता. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक झाली. त्यांतील ५०१ जणांवर गुन्हा शाबीत झाला. जवळजवळ निम्मे लोक सुटले, ही बाब स्वतःच बोलकी आहे.

सरकार येथेच थांबले असते तर हा केवळ बंदोबस्ताचा प्रसंग ठरला असता. परंतु चौकशीसाठी आयोग नेमण्यात आला. त्याने दंगेखोरांच्या स्वभावाची चर्चा करण्याऐवजी त्यांनी काय केले, हे पाहिले. बहुतेक ठिकाणी सावकाराच्या जिवास धक्का लागलेला नव्हता. जाळली गेली होती ती कर्जखते आणि दिवाणी हुकूमनामे. ज्या ठिकाणी कागद निमूटपणे हवाली करण्यात आले, तेथे सहसा पुढे काही घडले नाही. मग आयोग सारावाढ, कापसाच्या भावातील चढउतार, मुदतीचा कायदा आणि दिवाणी न्यायालयांतील एकतर्फी निकाल यांकडे वळला. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा ही त्याची परिणती होय. त्या कायद्याच्या यशापयशाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु जळालेला कागद हा पुरावा मानून त्याच्यामागील कारणाचा माग काढण्याची ही रीत, पोलीस प्रश्नाच्या अभ्यासाचे या जिल्ह्यातील उत्तम उदाहरण आहे.

जातीचे ज्ञान

याच शतकात याच मुलखात दुसऱ्या प्रकारचे संशोधनही चालू होते. रामोशांचा नेता उमाजी नाईक यास ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी देण्यात आले. त्याआधी काही काळ कंपनी सरकारनेच त्यास माफी देऊन बंदोबस्ताचे काम सोपवले होते. त्याच्या पाठलागात असलेला कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने रामोशी जमातीचा उगम व तत्कालीन स्थिती यांविषयीचा ग्रंथ १८३३ मध्ये मुंबईत प्रसिद्ध केला. ग्रंथ परिश्रमपूर्वक लिहिलेला आहे आणि आजही उमाजीच्या चरित्रासाठी त्याचा आधार घ्यावा लागतो. परंतु त्यात एका बंडाचा तपास हळूहळू एका जमातीच्या वर्णनात विरघळून जातो. जो रामोशी कालपर्यंत शिवेवर उभा राहून माग तपासत होता, तोच आता तपासाचा विषय झाला.

पुढे हीच वाट रुंद होत गेली. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये उचल्या अथवा भामटे म्हणविल्या जाणाऱ्या समाजाचे वर्णन चोरीच्या रीतींसह आले. १९०८ मध्ये एम. केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवरील टिपणांचे पुस्तक सिद्ध केले. प्रत्येक जमातीचे रूप, पेहराव, बोली, हत्यारे, गुन्ह्याची पद्धत आणि चोरीचा माल खपवण्याची रीत अशा ठरावीक क्रमाने त्यात माहिती दिलेली आहे. पोलीस अधिकाऱ्यास ते उपयुक्त वाटले असणार. वाचताना त्यातील निरीक्षणांची बारकाई नाकारता येत नाही. नाकारावे लागते ते त्यातील गृहीतक : अमुक जातीत जन्मलेला मनुष्य संशयित असतो, आणि ते सिद्ध करण्यासाठी त्याने काही केलेले असण्याची गरज नसते.

या गृहीतकास १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने राजमान्यता दिली. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू करता येऊ लागला. अधिसूचित जमातीतील माणसांची नोंदवही ठेवावी, त्यांच्या बोटांचे ठसे घ्यावेत, त्यांनी ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी, मुक्काम बदलताना वर्दी द्यावी, अशा तरतुदी त्यात होत्या. परंतु सर्वांत अर्थपूर्ण तरतूद वेगळीच होती. एखाद्या जमातीस गुन्हेगार ठरवणाऱ्या अधिसूचनेच्या वैधतेविषयी कोणत्याही न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येणार नाही, असे कायद्यातच म्हटले होते. शिवेवरच्या जागल्याला ‘हा माग मला पटत नाही’ असे म्हणता येत होते. ते म्हणण्याचा अधिकार येथे न्यायाधीशासही उरला नाही. पोलिसांचे ज्ञान वाढले आणि त्याची परीक्षा मात्र बंद झाली.

बोटांच्या ठशांचा इतिहास या संदर्भात पाहण्याजोगा आहे. बंगालमध्ये विल्यम हर्शेल याने १८५८ पासून ठशांचा उपयोग आरंभला. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठसे केंद्र स्थापन झाले आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांच्या वर्गीकरणाच्या कामामुळे ही पद्धत जगभर गेली. श्रेय मात्र बराच काळ एडवर्ड हेन्री या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नावे जमा राहिले. जलपाईगुडी भागात एका चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. तेथे सापडलेल्या पंचांगावर रक्ताळलेला ठसा होता आणि तो पूर्वी शिक्षा भोगलेल्या एका नोकराचा निघाला. न्यायालयाने त्यास चोरीबद्दल दोषी धरले, परंतु खुनाच्या आरोपातून मुक्त केले. ठशाने तो मनुष्य तेथे होता इतकेच सिद्ध केले होते. त्याहून अधिक अर्थ त्यातून काढण्यास न्यायालयाने नकार दिला. तोच ठसा हजेरीच्या नोंदवहीत गेला, की तो कोणत्याही घटनेचा पुरावा राहत नसे. गुन्हा घडण्याआधीच घेतलेली ती जामीनगत होती. साधन एकच होते. एका ठिकाणी ते कृतीशी बांधलेले होते, दुसऱ्या ठिकाणी जन्माशी.

मुंबई सरकारने १९३७ मध्ये कन्हैयालाल मुनशी यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये रद्द झाला. अय्यंगार समितीच्या अहवालानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो संपूर्ण देशात संपुष्टात आला. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. त्यांत जातीऐवजी व्यक्तीचा विचार होता, निदान अक्षरशः तरी होता.

नोंदवह्या बंद झाल्या तरी सवय राहिली. याची साक्ष कोणत्याही सरकारी अहवालाआधी मराठी आत्मकथनांनी दिली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही ग्रंथांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. साहित्यसमीक्षेत त्यांची पुष्कळ चर्चा झाली. पोलीस प्रशासनाच्या अभ्यासाची साधने म्हणून मात्र त्यांच्याकडे फारसे पाहिले गेले नाही, ही आश्चर्याची गोष्ट आहे. केनेडीच्या टिपणांत ज्यांचे वर्णन होते, त्यांनीच प्रथम नोंदवहीची दुसरी बाजू लिहून काढली. २००८ मध्ये बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने विमुक्त व भटक्या जमातींविषयीचा अहवाल सादर केला, तेव्हा कायदा रद्द होऊन छप्पन्न वर्षे झाली होती.

भिवंडी आणि राजस्थान

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात पोलिसांनी स्वतःच्या कामाचा अभ्यास करून त्यात बदल केल्याचे ठळक उदाहरण पुण्याबाहेरचे, भिवंडीचे आहे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तेथे दंगल झाली. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने भिवंडी, जळगाव व महाड येथील घटनांची चौकशी करताना पोलिसांच्या तपासातील पक्षपातावरही बोट ठेवले. तरीही १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. १९८८ मध्ये तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी आधीच्या दंगलींचा अभ्यास करून मोहल्ला समित्यांची उभारणी केली. दोन्ही समाजांचे सामान्य रहिवासी आणि त्या भागाचे पोलीस कर्मचारी नियमितपणे एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. हा परिणाम केवळ समित्यांचा होता असे म्हणणे शास्त्रीय दृष्ट्या धाडसाचे होईल, कारण त्या काळात यंत्रमागाच्या या गावात इतरही घटक कार्यरत असणारच. परंतु पोलिसांच्या माहितीची परीक्षा घेणारे लोक मोहल्ल्यात बसले होते, एवढे निश्चित.

राजस्थानात २००५ ते २००८ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्य पोलिसांसमवेत केलेल्या प्रयोगात याच्याशी जुळणारे निष्कर्ष आढळतात. बदल्यांना स्थगिती व प्रशिक्षण यांचा चांगला परिणाम दिसला. ठाण्याच्या प्रमुखाच्या इच्छेवर अवलंबून असलेले उपाय रखडले. तक्रारदार म्हणून गुप्तपणे माणसे पाठवून गुन्हा नोंदवला जातो की नाही, हे पाहण्यात आले. अशी तपासणी होत असल्याचे कळल्यावर ठाण्यांतील नोंदणीची वृत्ती सुधारली.

हद्दीचा प्रश्न

पुण्यास १ जुलै १९६५ पासून पोलीस आयुक्तालय आहे. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे मुख्यालय पुण्यातच असून ठसे केंद्र त्याच्या अखत्यारीत येते. एवढ्या जवळ असलेल्या या यंत्रणांच्या छायेत मांजरीचा भोवताल मात्र दीर्घकाळ शहर आणि ग्रामीण अशा दोन पोलीस दलांच्या सांध्यावर राहिला. पूर्वेकडील लोणी काळभोर आणि नदीपलीकडील लोणीकंद ही ठाणी पुणे ग्रामीण दलाकडून मार्च २०२१ मध्ये शहर आयुक्तालयाकडे आली. त्याच वर्षी ३० जून रोजी तेवीस गावे पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. त्यांत मांजरी बुद्रुक होती, मांजरी खुर्द नव्हती. नदी पुन्हा एकदा शीव ठरली.

‘ही आमची हद्द नव्हे’ हे वाक्य अशा सांध्यावरच्या फिर्यादीच्या वाट्याला वारंवार येते. २०१२ च्या दिल्लीतील अत्याचाराच्या घटनेनंतर, घटनास्थळाची हद्द न पाहता गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे वर्ग करावा, अशी सूचना केंद्राने २०१३ मध्ये राज्यांना दिली. ‘झिरो एफआयआर’ या नावाने ती ओळखली जाऊ लागली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी त्याची वर्दी घेण्याची तरतूद कायद्यातच आली. कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण आवश्यक झाले. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत मिळाली.

यांतील चित्रण व तज्ज्ञ या गोष्टी नव्या आहेत. ज्या पंचनाम्याला त्या जोडल्या गेल्या, तो नवा नाही. दोन स्वतंत्र पंचांनी प्रत्यक्ष पाहावे आणि मगच सही करावी, ही त्यामागील अपेक्षा. परंतु ठाण्याच्या ओळखीचे तेच ते पंच वेगवेगळ्या पंचनाम्यांवर सह्या करताना आढळल्याची टीका न्यायालयांनी अनेकदा केली आहे. एल्फिन्स्टनच्या अहवालातील शेजारच्या गावचा जागल्या सही करीत नव्हता. तो खाली वाकून खूण पाहत असे, आणि पटली तरच माग पुढे आपल्या शिवेत घेत असे.